देवीचा अकरावा डोळा

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका वीजघरापुढे दर मंगळवारी सकाळी सातपासून रांग लागायची. रात्रपाळी संपवून आलेले कामगार, पहिल्या पाळीला निघालेले कामगार, कडेवर तापाने फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या बाया, कांद्याचा ट्रक बाजाराच्या दारात तसाच सोडून धावत आलेला एखादा ड्रायव्हर, असे सगळे त्या रांगेत असायचे आणि सगळे अनवाणी असायचे. त्यांना हवी असायची चिमूटभर पांढरी विभूती. ती कुठल्या मठातून किंवा मंदिरातून येत नव्हती. स्वतःच्या टर्बाइनवर वीज तयार करून आजूबाजूच्या पाच-सहा कारखान्यांना पुरवणाऱ्या त्या वीजघरातल्या सात नंबरच्या पॅनेलमध्ये, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या बंद लोखंडी कपाटात, ती रोज आपोआप झडत होती.

"बंद कपाट!" विभूती वाटणारे दामिनीनाथ महाराज ओरडायचे. "आत हात कुणाचा?"

"कुणाचाच न्हाई!" रांग ओरडायची.

"मग राख कुणाची?"

"आईची!"

"अकरा हजार शक्ती, अकरा डोळे! विज्ञान हिला वीज म्हणतं, आपण दामिनी म्हणतो. विज्ञान मोजत बसतं, आपण पूजतो. मोजून कुणाचं भलं झालंय का आजवर? म्हणा, ॐ फेजत्रयवासिन्यै नमः!"

विजेच्या तीन फेजना देवीचं घर करून टाकणारा हा मंत्र कोणत्या पोथीत आहे, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. उलट पहिल्या पाळीची पोरं तो मंत्र इतक्या झोकात म्हणायची की फाटकावरचा सुरक्षारक्षकसुद्धा मान डोलवायचा.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधीच्या मंगळवारी या गर्दीत मिनल ओव्हाळ येऊन पोचली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट, पाठीवर मोजमापाच्या यंत्रांची सॅक. पिंपरीच्या कामगार वसाहतीत वाढलेली ही एकोणतीस वर्षांची इंजिनीअर एका सल्लागार कंपनीत होती आणि तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. वीजघरात वीज तारेचा रस्ता सोडून हवेतून उडी कुठे मारू शकते, मारली तर भडका केवढा होईल, आणि त्यात कोण भाजेल, हे ती आधी जाऊन बघायची. असा एक भडका तिने पाहिला होता. म्हणजे भडका नव्हे, त्यानंतरची खोली पाहिली होती. तांब्याची जाड पट्टी वाफ होऊन समोरच्या भिंतीवर बसली होती. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल तिला कुणी काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

आत शिरल्या शिरल्या तिच्या नाकाला वास लागला. उदबत्तीच्या धुराखालून येणारा, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा, घशाला खवखव आणणारा. कानाला बारीक चरचर ऐकू आली. लोक हात जोडून तीच चरचर ऐकत होते, कारण महाराजांनी तिला देवीचा जप म्हटलं होतं. मग मिनलचं लक्ष महाराजांच्या पायांकडे गेलं. सगळी भक्तमंडळी थंडगार फरशीवर अनवाणी उभी होती. महाराजांच्या भगव्या लुंगीखाली मात्र दोन बोटं जाड रबरी तळाच्या चपला होत्या, त्याही काळ्या रबरी चटईवर. आणि पॅनेलपासून ते चांगले दहा-बारा पावलं लांब, थेट दारात उभे होते.

पॅनेलच्या जवळ होता तो खंडू. वीजघरातला सगळ्यात जुना ऑपरेटर, खेड तालुक्यातला, नोकरीला सव्वीस वर्षं झालेली. त्याने सात नंबरच्या मागच्या झाकणाचे चार बोल्ट सैल केले, झाकण हातभर बाजूला सरकवलं आणि लाकडी पळी धरलेला उजवा हात आत घातला.

"हात बाहेर काढा!" मिनल किंचाळली. "काका, हात बाहेर!"

खंडूने दचकून हात काढला. पळीत पांढरी भुकटी होती. त्याच्या बोटांपासून चालू तार जेमतेम वीतभर वर होती, हे मिनलला झाकणाच्या फटीतून दिसलं.

"नवीन बाई दिसतात," महाराज दारातूनच म्हणाले. "नाव काय आपलं?"

"मिनल ओव्हाळ."

"ओव्हाळ." त्यांनी ते आडनाव तोंडात घोळवलं. "मग बरोबर आहे. तुमच्यात देवाधर्माचं नसतं."

रांगेतले दोघे-तिघे हसले. मिनलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. शाळेपासून हे हसणं तिच्या ओळखीचं होतं.

"महाराज, देवीशी माझं भांडण नाही," ती म्हणाली. "भांडण या अकरा हजार व्होल्टशी आहे. त्याला माझी जात कळत नाही आणि यांची भक्तीही कळत नाही. आणि तुम्हाला ते चांगलं ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही रबरावर उभे आहात."

 खंडूने भुकटी चांदीच्या वाटीत ओतली आणि रांग पुढे सरकली.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते तिला प्लांट मॅनेजर दिग्विजय साहेबांनी स्वतःच, मोठ्या अभिमानाने सांगितलं. दीड वर्षापूर्वी वीजघरात नवी संरक्षण यंत्रणा बसवली होती. दहापैकी प्रत्येक पॅनेलमध्ये बोराएवढं एक काचेचं भिंग. आत भडक्याचा उजेड दिसला की डोळ्याची पापणी लवायच्या आत ते भिंग वीज तोडायला लावतं. यंत्रणा उत्तम होती. पण बसल्यापासून वीज वेळीअवेळी जायला लागली. जाईल तेव्हा पाच-सहा कारखाने ठप्प. बसवणाऱ्यांना बोलावलं तर ते म्हणायचे, आमच्या यंत्रात दोष नाही. साहेबांना वरून रोज बोलणी बसत होती.

"तेव्हा महाराज आले," साहेब म्हणाले. "आपणहून. एका नजरेत म्हणाले, आईला तुम्ही डोळे दिलेत, आता ती बघते आणि रागावते. डोळ्यांना शेंदूर लावा, आई शांत होईल."

"आणि तुम्ही भिंगांना शेंदूर लावू दिलात?"

"मॅडम, त्या दिवसापासून साडेसहा महिने वीज एकदाही गेलेली नाही. एकदाही! हा बघा तक्ता. आणि पावसाळ्यात तर आईने विभूती द्यायला सुरुवात केली."

मिनलने तो तक्ता पाहिला. खरोखरच एकदाही वीज गेली नव्हती. आंधळ्या राखणदाराने महिनोन्‌महिने आरोळी ठोकली नाही म्हणून चोर येत नाहीत असं मानायचं, अशातला हा प्रकार होता.

"साहेब, वीज जात नाही कारण तुम्ही तिचे डोळे फोडलेत. आणि विभूती म्हणजे आतलं, वीज अडवून धरणारं इन्सुलेशन जळत असल्याची खूण आहे. सात नंबर आजच्या आज बंद करा."

"खंडेनवमी झाल्यावर बघू," साहेब म्हणाले. "त्या दिवशी महापूजा आहे. मागचं झाकण पूर्ण काढून आईचं दर्शन. साठ माणसं येणार आहेत. तुमचं काम रिपोर्ट लिहायचं आहे, तो तुम्ही छान लिहा."

मिनलने तिथेच कागद घेऊन सगळं लेखी दिलं. साहेबांनी हसत हसत पोच दिली. तिने मुख्य कार्यालयाला ईमेल पाठवला. तिथून उत्तर आलं की सणासुदीमुळे संबंधित अधिकारी रजेवर आहेत.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते हे चाकण-पिंपरीत कुणाला सांगायला नको. लेथला हार, प्रेसला हळदकुंकू, वेल्डिंग मशीनपुढे नारळ. वर्षभर ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस हात जोडायचे, यात मिनलला वाईट काही वाटत नव्हतं. तिचे वडीलही त्या दिवशी आपला पान्ह्यांचा डबा पुसून ठेवायचे. पण यंत्र बंद करून त्याला हार घालणं वेगळं आणि चालू पॅनेल उघडून त्याच्यापुढे नारळ फोडणं वेगळं. आणि नारळ फोडायचा मान खंडूचा होता.

त्याच मंगळवारी दुपारी ती कॅन्टीनमध्ये गेली. तिथे खंडूची बायको कस्तुरा पोळ्या लाटत होती. तिने मिनलला वाढलं, पण स्वतः नुसतं ताक घेतलं.

"जेवत नाही का मावशी?"

"तोंड आलंय गं. दोन महिने झालं. विभूती चालू हाय ना गुडघ्यासाठी, ती उष्ण पडती म्हनं."

मिनलचा घास हातातच राहिला. तिने मागच्या कुंपणावरची दोन जास्वंदीची फुलं तोडून आणली आणि पाकळ्या पांढऱ्या कागदावर खसाखसा घासल्या. कागदावर जांभळट डाग उमटला. त्याच्या एका कडेला तिने चुलीतली राख पाण्यात कालवून लावली. कागद हिरवा झाला.

"ही खरी राख," ती म्हणाली. "देव्हाऱ्यातला अंगारा लावलात तरी असाच हिरवा होईल. आता तुमची विभूती आणा."

कस्तुराने कमरेची पुडी सोडली. विभूती पाण्यात कालवून दुसऱ्या कडेला लावली, तर कागद लालभडक झाला.

"लिंबू पिळलं तरी असाच लाल होतो. मावशी, ही राख नाही. पॅनेलच्या आत वीज हवेत बारीक बारीक चरचरते. त्याने हवेतच अ‍ॅसिड तयार होतं, ते आतल्या वस्तू खातं, आणि खाऊन उरतो तो हा चुरा. तुम्ही दोन महिने तो जिभेवर ठेवताय."

 कस्तुराने ती पुडी उचलून मोरीत टाकली आणि हात तीनदा धुतले.

"त्येंना सांगते," ती म्हणाली. "पर ऐकायचे न्हाईत."

तसंच झालं. संध्याकाळी पाळी सुटताना खंडू स्वतःच मिनलपाशी आला. माणूस वाईट नव्हता. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक झाली नव्हती, असं सगळे सांगायचे. म्हणून तर मिनलला त्याचा जास्त राग येत होता.

"ताई, तुमी शिकलेल्या हाय. फुलाचं खरं आसंल. पर मला एक सांगा. नकाशात डोळं धाच हायती. मला बी धाच ठावं व्हते. म्हाराज म्हनले, अकरावा हाय, वरच्या डक्टच्या पोटात. आमी खोलून बघितलं, तर खरंच! बंद डक्टमदलं त्येंना कसं दिसलं? आँ? ते सांगा."

 मिनलने नकाशा उघडला. भिंगं दहाच होती. मग शिडी लावून ती स्वतः वर चढली, डक्टच्या, म्हणजे पॅनेलवरून तारा नेणाऱ्या बंद पत्र्याच्या बोगद्याच्या, तपासणीच्या काचेवर विजेरी धरली, आणि उजेडात तिला अकरावं भिंग दिसलं. शेंदराने माखलेलं. खंडूच्या श्रद्धेचा सगळा डोलारा त्या बोराएवढ्या काचेवर उभा होता. खाली उतरून तिने यंत्रणा बसवणाऱ्या भोसरीच्या कंत्राटदाराला फोन लावला. त्याने जे सांगितलं ते ऐकून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

खंडेनवमीच्या सकाळी वीजघर झेंडूने मढलं होतं. पॅनेलच्या मागच्या अरुंद बोळात साठ माणसं दाटीवाटीने उभी. एका बाजूला पॅनेल, दुसऱ्या बाजूला भिंत, बाहेर पडायला एकच दार. दिग्विजय साहेब रेशमी कुडत्यात. खास बोलावलेला फोटोवाला मोठा फ्लॅश लावून तयार. खंडूने नवी टोपी घातली होती. महाराज नेहमीप्रमाणे दारात, रबरी चटईवर. सात नंबरची चरचर त्या दिवशी मंत्राच्या आवाजातूनही ऐकू येत होती.

"आज आई झाकणाबाहेर येणार!" महाराज गर्जत होते. "ज्याच्या मनात शंका त्याला ती जाळेल, ज्याच्या मनात भक्ती त्याला ती उजळेल! खंडोबा, घे नारळ!"

म्हणजे जळलात तर तुमच्याच मनात शंका होती. महाराजांच्या व्यवहारात तोटा नेहमी भक्ताच्या वाट्याला यायचा.

मिनल कंट्रोल डेस्कजवळ उभी होती.  "खंडूभाऊ, थांबा!" ती ओरडली. "झाकण काढू नका!"

"ताई, पाया पडतो. आजच्या दिवशी नको." खंडूने तिसरा बोल्ट काढला.

"साहेब, शेवटचं सांगतेय."

"सिक्युरिटी, मॅडमना बाहेर न्या," साहेब म्हणाले.

खंडूने चौथ्या बोल्टला पान्हा लावला. मिनलने डेस्कवरचं लाल बटण तळहाताने जोरात दाबलं.

खाडकन आवाज झाला. दिवे गेले. पंखे थांबले. टर्बाइनची घरघर हळूहळू खाली उतरत गेली, चरचर थांबली, आणि साडेसहा महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत खरी शांतता पसरली. भिंतीवरचे बॅटरीचे दिवे तेवढे पेटले.

"आई कोपली!" महाराजांनी क्षणही वाया घालवला नाही. "अश्रद्ध बाईचा पाय आत पडला आणि आई कोपली!"

"आई नाही, मी!" मिनल त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "हे बटण, आणि हा माझा हात. माझ्या जागी तुमच्यातलं कुणीही दाबलं असतं तरी वीज गेलीच असती. साहेब, कारखाने मी बंद पाडलेत, माझं नाव लिहून घ्या. आणि आता सगळे अंगणात चला. पॅनेल उघडूनच दाखवते, पण मेलेलं."

 अंधारात अडकायला कुणालाच नको असतं, त्यामुळे माणसं भराभर बाहेर पडली. मग खंडूने, कितीही चिडलेला असला तरी, आपलं काम चोख केलं. दोन्हीकडचे स्विच उघडले, कुलपं लावली, तार मेली आहे की नाही ते तपासलं, अर्थिंग दिलं. पाऊण तास गेला. उन्हात बसलेल्या लोकांनी मिनलला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

झाकण निघालं. मिनलने पाच-पाच जणांना आत बोलावलं. सगळ्यात पुढे खंडू होता. आत तांब्याची पट्टी धरून ठेवणारा विटकरी रंगाचा जाड इन्सुलेटर होता. त्याच्यावर पांढरी भुकटी साचली होती, आणि भुकटीखाली काळ्या रेषा होत्या, झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटत गेलेल्या.

"वीज या वाटेने रोज थोडी थोडी पुढे येत होती," मिनल म्हणाली. "वरून निघाली, इथवर आली. खालचं लोखंड इथे आहे. मधलं अंतर मोजा."

खंडूने मोजलं. दोन बोटं.

"एवढंच राहिलं होतं. धुपाची काजळी रोज बसत होती, ती हिला वाट करून देत होती. आज नारळाचं पाणी उडालं असतं की ही दोन बोटंही संपली असती. मग सूर्यासारखा भडका, वितळलेलं तांबं, आणि बोळाला एकच दार. आणि भडका बघून वीज तोडणारे डोळे तर तुम्ही शेंदराने लिंपलेत."

"थापा!" महाराज म्हणाले. पण ते अंगणाच्या फाटकाकडे सरकायला लागले होते.

"थापा नको, करूनच बघू. फोटोवाले दादा, या इकडे." मिनलने पाच नंबरचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा खटका, तारेपासून मागे ओढायला लावला. वीजघर बंद होतं, पण संरक्षण यंत्रणा बॅटरीवर जागी होती. "शेंदूर लावलेल्या भिंगासमोर फ्लॅश मारा."

फ्लॅश लखलखला. काहीच झालं नाही.

मिनलने फडक्याने भिंग पुसलं. "आता मारा."

फ्लॅश पडताक्षणी ब्रेकर खाडकन उडाला आणि यंत्रावर लाल दिवा लागला. पुन्हा ब्रेकर चढवला, भिंगाला शेंदूर फासला, फ्लॅश मारला. काही नाही. पुसला, मारला. खाडकन. पाचव्या वेळी गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "द्या बरं मला," आणि तिने स्वतः फ्लॅश मारून ब्रेकर उडवला. त्यानंतर तर प्रत्येकालाच देवीला कोपवून बघायचं होतं.

"हाच तुमचा कोप," मिनल म्हणाली. "यंत्रणा बसवणारे एक गोष्ट करायची विसरले होते. नुसता उजेड दिसला तर वीज तोडू नकोस, उजेडाबरोबर करंटही वाढला तरच तोड, हे तिला सांगायचं राहून गेलं. म्हणून कुणी आत फोटो काढला, शेजारी वेल्डिंग केलं, की फटीतून उजेड शिरून वीज जायची. यात कसला राग आणि कसली शांती? दहा मिनिटांची दुरुस्ती होती."

"आन्‌ अकरावा डोळा?" खंडू म्हणाला.  "तो म्हाराजांना कसा दिसला?"

"तो त्यांना दिसला नाही, भाऊ. तो त्यांनीच बसवला." मिनलने फोन त्याच्या हातात दिला. पडद्यावर भोसरीच्या कंत्राटदाराने पाठवलेला फोटो होता. दीड वर्षापूर्वी काम संपल्यावर याच पॅनेलपुढे उभी असलेली पाच माणसं. "अकरावं भिंग अगदी शेवटच्या दिवशी टाकलं, नकाशात घ्यायचं राहिलं. डक्टमध्ये शिरायला बारीक अंगाचा माणूस हवा होता. डावीकडून दुसरा बघा. हेल्पर चिमाजी. दाढी नाही, लुंगी नाही, पण ओळखू येतो ना?"

खंडूने फोटोकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "आरं... ह्याची शिडी मीच धरली व्हती की! आत काय बसवतोय ते इचारलं बी न्हाई!"

चिमाजी पळाला नाही, कारण फाटक त्याच सुरक्षारक्षकाने लावून घेतलं होतं जो आजवर मंत्राला मान डोलवत होता. "पोटासाठी केलं," तो म्हणाला. "कंत्राट सुटलं, कामावरून काढलं. मी कुणाला मारलं नाही."

"तू दारात का उभा राहायचास रं?" कस्तुरा पुढे आली. "माझ्या मानसाचा हात आत, आन्‌ तू रबरावर! तुला ठावं व्हतं. सगळं ठावं व्हतं तुला!"

चार-पाच जण त्याच्या अंगावर धावले. मिनल मध्ये उभी राहिली. "हात लावायचा नाही. जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलीस येतील, ते बघतील. आणि एकट्याला बघून भागणार नाही." ती साहेबांकडे वळली. "शेंदूर याने सांगितला, पण तो लावायची परवानगी कुणाच्या सहीने मिळाली? याला वीजघराच्या दारात उभं कुणी राहू दिलं? तक्त्यावर शून्य दिसलं की तुम्हाला बरं वाटत होतं, म्हणून तुम्ही पुढचं विचारलं नाही."

दिग्विजय साहेबांनी रेशमी कुडत्याच्या बाहीने कपाळ पुसलं. 

मग मिनल लोकांकडे वळली. तिला भाषण येत नव्हतं. ती जोरात, एका दमात बोलली. "तुम्हाला पूजा करायची तर करा. हार घाला, पेढे वाटा. पण कुणी म्हणालं की हा चमत्कार आहे, तर हात जोडायच्या आधी विचारा, कसा? तो म्हणाला की विचारणाऱ्याला देवी जाळते, तर आणखी मोठ्याने विचारा. विचारून आजवर कुणी भाजलेलं नाही. न विचारता भाजलेली माणसं मी माझ्या कामात मोजते. मला ती मोजायची नाहीत. एवढंच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन बाया आपल्या पुड्या सोडून गटारात टाकायला निघाल्या. एक म्हातारा मात्र आपली पुडी घट्ट धरूनच घरी गेला, तेही खरं आहे.

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी चिडून बोलत होतं. साहेब नुसते "हो सर, हो सर" म्हणत होते. फोन ठेवून ते हळूच खंडूजवळ आले. "खंडू, ते डोळे पुसून घे आणि वीज चालू कर. सात नंबर आजचा दिवस ओढेल. उद्या दसरा, परवा बघू."

सव्वीस वर्षांत खंडूने साहेबांना नाही म्हटलेलं नव्हतं. या साहेबांना नाही, आधीच्या तिघांनाही नाही. त्याने आपला उजवा हात वर धरून बोटं नीट पाहिली.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "बाकीचं नऊ चालू करतो. डोळं पुसून, ताई म्हनत्यात तसं शेटिंग करून. सात नंबरला माझं कुलूप हाय. ते दुरुस्त झाल्याबिगर निघायचं न्हाई."

"मी सांगतोय तुला!"

"तुमी सांगताय. पर हात माझा आत आसतो." खंडूने कुलपाची किल्ली टोपीत टाकली आणि टोपी डोक्यावर घट्ट बसवली. "दुसऱ्या कुनाला लावायचं आसंल तर माझ्या डोस्क्यावरनं घ्या."

कस्तुरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग तो फोटोवाला, मग पहिल्या पाळीची पोरं, मग फाटकाला कुलूप घालून आलेला सुरक्षारक्षकही. साहेबांनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

सात नंबर चार दिवस बंद होता. एका कारखान्याचं काम तेवढे दिवस अर्ध्यावर चाललं. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, साठच्या साठ माणसं आपापल्या घरी होती आणि आपट्याची पानं वाटत होती.